चार्ज यादी

मौजे चिंचवंडी, दुधनेच्या काठी.
आज रात्री बारानंतर
गाव जागच्या जागी राहील,
ग्रामपंचायत राहणार नाही.
राजपत्रात आलंय तसं:
प्रभाग अकरा, आणि बाराचा काही भाग.

नगरपरिषदेचा लिपिक आलाय मोटारसायकलवर.
कार्बन घालून दोन प्रती करतोय.
मी सांगतो, तो लिहितो.

लोखंडी कपाट एक. किल्ली एक, दुसरी हरवलेली.
खुर्च्या नऊ. सदस्य अकरा होते,
पण दोघं कायम दारात उभं राहूनच विरोध करायचे.
भिंतीवरचं घड्याळ एक, चालू,
सात मिनिटं मागं.
नमुना आठचं रजिस्टर: घरं चारशे सहा,
त्यातली एकवीस पडलेली,
पट्टी त्यांनाही लागू.

कपाटाच्या तळाला कापडात बांधलेला बस्ता,
निजामाच्या अमलातला, फसली तेराशे बावन्न.
गावात वाचू शकणारे एकच, गौसमियां पिंजारी,
तेही मागच्या उन्हाळ्यात गेले.
जाण्याआधी एक कागद त्यांनी वाचून दाखवला होता:
अर्ज केला जातो की,
आमची पाण्याची पाळी वेगळी करावी,
वरच्या गावचा पाटील आमचं ऐकत नाही.
उत्तर बस्त्यात नाही.
उत्तर आलं छप्पन्न साली, तेही अर्धंच:
पंचायत मिळाली, पण वरच्या गावासोबत, एकाच दप्तरात.
एकाहत्तरला फुटलो.
कागदावर कारण लोकसंख्येचं.
खरं कारण कंदील.
दिवाबत्तीचे सात आले होते,
वरच्यांनी पाच ठेवून घेतले.

ठरावबुक.
पहिले सरपंच रुखमाजी ढवळे, सही मोडीत,
बोरू न उचलता एका दमात ओढलेली.
मग अंगठे. पानामागून पान अंगठे,
काही इतके पसरलेले की माणूस घाईत होता हे कळतं.
मग अनसूया मुंजाजी खंदारे.
पहिल्या सभेला अंगठा.
तिसऱ्या सभेला एक 'अ', आणि शेजारी अंगठा,
'अ'वर भरवसा नसल्यासारखा.
दीड वर्षानं अख्खं नाव, रकान्यात न मावलेलं,
'या'चा काना खाली उपसरपंचाच्या नावावर उतरलेला.
त्याच पानावरचा ठराव:
वस्तीला वेगळी टाकी नको,
गावाच्याच टाकीतून नळ.
सहा विरुद्ध पाच.
ती सभा रात्री दीडला उठली होती,
चहा दोनदा झाला होता
आणि तिसऱ्यांदा कुणी विचारला नव्हता.

"पानं किती?" लिपिक म्हणाला.
"एकशे ब्याण्णव."
त्यानं लिहिलं: ठरावबुक, नग एक.

कोंडवाडा. भिंत दगडी, फाटक बाभळीचं,
आत गाढव एक.
त्याचा पेन थांबला.
"गाढवाला रकाना नाही हो.
मालक?"
"आठ दिवस झाले, आला नाही."
"मग ते तुमचं तुम्ही बघा.
आणि शिक्का कापायचाय, माझ्यासमोर."
ब्लेड नाही म्हटलं, सकाळी कापू.
ते मात्र खोटं होतं. ब्लेड माझ्या खिशातच होतं.

तो गेला. वीज गेली. पुन्हा आली.
पावतीबुकात शेवटचं एक पान उरलेलं.
दंड चाळीस रुपये,
चारापाणी आठ दिवसांचं, रोज दहानं.
पैसे माझे.
मालकाचं नाव या ओळीपाशी जरा अडलो,
मग लिहिलं: मौजे चिंचवंडी.
शिक्का पॅडवर दोनदा दाबला, शाई वाळत आली होती.
भिंतीकडं पाहिलं.
आमच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.
मारला.

मग बॅटरी घेऊन गेलो, फाटक उघडलं.
गाढव हललं नाही.
पावती दाखवावी तशी
मी ती उजेडात धरली,
त्यानं मान पुढं करून
तिचा कोपरा खाल्ला.