सांधा

सिमेंट पापुद्र्यासारखं सुटत नाही.
पहार घालावी लागते, शिव्याही.
आत भिंत ओली. न्यू मेक्सिकोतला मे महिना,
दोरीवर दुसरी चादर टाकेस्तोवर
पहिली कडक वाळते इथं,
आणि हिच्या कमरेखाली अजून
हिवाळ्यातला बर्फ मुरतोय.

हे सिमेंट सेलेदोनियोनं लावलेलं,
खाणीतला पहिला पगार पोत्यापोत्यांनी आणून.
"आता दरसाल लिंपायची कटकट गेली,"
म्हणाला होता बायकोला.
सेबेरियाना काहीच बोलली नव्हती.
भिंत ज्यानं घोटून गुळगुळीत करायची
तो मेंढीच्या कातड्याचा तुकडा
खुंटीवरून काढून
तिनं कुत्र्याला अंथरला.

आज तो अंगणात, पत्र्याच्या खुर्चीत.
नात लुगार्डा पायथ्याच्या कुजक्या विटा उपसते,
चिखलाचं नुसतं पीठ झालेल्या.
मधेच एक धड निघते:
आत गव्हाचं काड, अजून पिवळं,
आणि वर खूर उमटलेला.
म्हातारा हात पुढे करतो.
"पांढरी होती," म्हणतो. "चोरटी.
विटा वाळत घातल्या की हमखास त्यातून जायची.
सेबेरियाना दगड मारायची, नेम चुकवून."

लुगार्डाला ती वीट खिडकीत ठेवायचीय.
तो ती खड्ड्यात टाकतो, कालवणात.
"भिजू दे."

मग प्राक्सेदिस येते, पाटापलीकडची,
कोपरापर्यंत राखाडी.
नवी माती जुनीला अशीच धरत नाही, म्हणते.
आधी ओरबाड. खाचा पाड.
मग पाज.
लुगार्डा डबा मारते, भिंत घटाघटा पिते,
दुसरा मारते, डाग उरत नाही.
तिसऱ्याला ती थापायला गोळा उचलते
तर मागून खुर्ची करकरते:
"अजून नाही. ओघळू दे आधी."
प्राक्सेदिस वळून बघते त्याच्याकडे,
काही म्हणणार असते,
डबा भरायला जाते.

संध्याकाळी पायथा भरलेला, गडद,
वरच्या भिंतीशी रंग न जुळणारा.
कातडं कुणाकडेच नाही.
लुगार्डा तळहातानं घोटते.

"परवा केसाएवढ्या भेगा पडतील,"
प्राक्सेदिस हात धुता धुता सांगते.
"नाही पडल्या, तर मला बोलवा."