शेरा

काच आणली खारीवावच्या कपाटवाल्याकडून,
बारा मिलिमीटर जाड, कडा घासलेल्या.
टेबलाला बाक असतो, फरशीला असतो,
चाळिशी लागल्यावर नजरेलाही.
काचेवर ठेवली की गाडीला खोटं बोलता येत नाही.

एकतीस वर्षं मी मकरपुऱ्यात गेज तपासले.
गो, नो-गो.
जातं किंवा जात नाही, अधलंमधलं काही नाही.
मग तुझ्या आईबरोबर तू आलीस,
दोन बॅगा
आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ही.

घरात तू बोलतेस ते मोजून:
हो. नको. ठेवलंय. जाते.
गाडीवरून मात्र सुरू झालीस की
'देशमानेकाका, वळणात शिरताना नाक ऐकतं,
बाहेर पडताना थ्रॉटल दिलं की शेपूट विचारत नाही, निघून जाते.
आणि डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी.
सेव-उसळीत मधेच गूळ लागावा तशी.'

हे कुठल्या रकान्यात बसवू?
मी व्हर्नियर पुसतो.
'विचारत नाही' म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.
गूळ शोधायला रात्रीचे अकरा वाजले.

नाकाखाली मधोमध चाकूचं टोक धरून उचललं:
डावं चाक सुटलं,
उजवं अजून काचेला टेकून.
केसाएवढा फरक.
मागच्या रविवारची धडक. कार्बनची पाटी तुटली नव्हती,
पीळ तेवढा धरून बसली होती.

ठोकून पीळ जात नाही, वाढतो.
वरच्या पट्टीचे स्क्रू सैल करायचे, सगळेच्या सगळे,
गाडीवर तळवा नुसता टेकवायचा,
थांबायचं,
मग कसायचे, एक इकडचा, एक तिकडचा,
कुठलाच एका दमात शेवटपर्यंत नाही.
तू केव्हाची दारात उभी होतीस.
झोप जा म्हणणार होतो.
टॉर्च धर म्हटलं. धरलास.

बंद पडलेल्या बेअरिंग कारखान्याचं आवार,
चुन्याच्या रेघा, कडेला आगीच्या बंबाचा जुना पाइप.
एप्रिल. सकाळी आठला डांबर छत्तीस,
दुपारी एकला सत्तावन्न.
डॅम्परमधलं तेल उन्हात पाणी होतं, म्हणून जाड भरलं.
मागच्या बिजागरीखालची अर्ध्याची चकती काढली.
धैवत पंचालने टायर तापवायचे पट्टे पिशवीतच ठेवले,
'काका, अहीं तो सूरज ज वॉर्मर छे.'

फायनलला नऊ गाड्या.
तू मचाणावर, एक बोट घोड्यावर, दुसरा हात चाकावर,
बाकी सगळी दगड.
मी कुंपणाशी. मला चालवता येत नाही,
एकदा हट्ट केला तर दुसऱ्याच वळणाला पिंपात घातली होती.
चौथ्या फेरीत निळी गाडी आतून शिरायला आली,
आणि तू शेपूट थोडी जाऊ दिलीस.
मुद्दाम.
त्याच्या नाकासमोरून आडवी, मग सरळ.
जे रात्रभर चूक म्हणून काढत बसलो होतो
त्यातलं चिमूटभर तुला हवं होतं.

पाचवी आलीस.
स्कूटरवर गाडी दोघांच्या मधे,
लालबागच्या पुलावर मागून आवाज आला,
'चकती परत घाला. अर्धी नको. पाव.'
पावची चकती आपल्याकडे कुठे मिळते,
सांगणार होतो.
उद्या शिर्क्यांच्या लेथवर करून घेईन.

रात्री रजिस्टर काढलं, तपासणी खात्याचंच, पाठकोरं.
उंची पाच पूर्णांक दोन. कॅम्बर दोन अंश.
मागचा टो तीन. तेल, स्प्रिंग, तारीख.
शेवटचा रकाना शेरा.
तिथे मी आयुष्यभर दोनच शब्द लिहिले,
पास आणि नापास.

आज कुणीतरी आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलंय,
अक्षर उजवीकडे जरासं कललेलं:
'टॉर्चला नवे सेल आणा.'