झाडलोटीचा डबा

द्वारकेच्या होमिओपॅथी डॉक्टरांकडून
रिकाम्या बाटल्या आणते मी,
धुऊन गच्चीत पालथ्या घालते.
साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांच्या जागी
आता अकरा नंबरचा मोरपंखी, आठचा गेरू.

चिठ्ठीवर रंग, भाव, भद्रकालीतलं दुकान.
भोक बारीक असेल तर फुली.
सुई रेटली की मणी तडकतो,
हे कळायला दीड किलो काच गेली.

रामकुंडाजवळून घेतलेले रुद्राक्ष मात्र कापडी पिशवीत.
बाटलीत त्यांना वास येतो.

परवा वैजयंता निकम आल्या,
रुमालात तुटलेली पोत.
"एकच कमी पडतोय. मोरीत गेला असेल."

बावीस बाटल्या ओतल्या ताटात.
काळ्यात तरी किती काळे!
एक जांभळ्याकडे झुकलेला,
एक खिडकीशी नेला की तपकिरी.

सापडला तो शेवटी
झाडताना निघालेल्या मण्यांच्या डब्यात,
ज्यावर मी कधीच काही लिहिलं नाही.

"किती द्यायचे?"
वही चाळली. त्याचा भावच नव्हता.

पोत ओवून झाली,
तरी त्या उठेनात.
ज्वारीच्या पोत्यात घालावा तसा
डब्यात मनगटापर्यंत हात,
आणि खाली, तळाशी,
काहीतरी चाचपत राहिल्या.