ताबापावती

पट्टा एक, तपकिरी.
नाड्यांची जोडी एक.
पुट्टी ओढायचा पत्रा, कडेला वाळलेला पांढरा थर.
किल्ली एक.
सदतीस डॉलर, चाळीस सेंट.
एवढं मी लिहून घेतलं
मंगळवारी रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी,
आणि त्यानं खाली सही केली:
एलेउतेरियो शोल.
सावकाश, पाटीवर गिरवल्यासारखी.

गुन्हा: गाडीचा मागचा दिवा फुटलेला.
लायसन नाही.

बोटं मीच काचेवर टेकवते, एकेक, दहाही.
भिंती घासून घासून त्याच्या रेषा झिजलेल्या.
मशीन तीनदा नाही म्हणालं.
मग मी माझ्या पर्समधलं लोशन काढलं,
त्याच्या बोटांना चोळलं
(याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही)
आणि चौथ्यांदा मशीन हो म्हणालं.
तो मला थँक्यू म्हणाला.

इथून ठसे दोन ठिकाणी जातात.
मी बटण एकच दाबते.

उजाडायच्या आत कागद आला.
त्यावर न्यायाधीशाची सही नाही,
कुण्या अधिकाऱ्याची आहे, घाईत ओढलेली.
लिहिलंय: विनंती.
सुटकेच्या वेळेपासून अठ्ठेचाळीस तास
इसमास धरून ठेवावे, ही विनंती.
नदीपलीकडच्या काऊंटीत असली विनंती
फाईलला टाचतात आणि माणसाला दार उघडतात.
आमचे शेरीफ हो म्हणूनच निवडून येतात.
शोलला कामावरून घरी जायला
नदीच्या अलीकडचा रस्ता
चार मैलांनी जवळ पडतो.

बुधवारी रात्री त्याची बायको आली, ओफेलिया.
कोंबड्यांच्या कारखान्यातून थेट,
केसांवरची जाळी तशीच.
रबर लावलेल्या नोटा तिनं काचेखालून सरकवल्या.
मी मोजल्या. पाचशे, बरोबर.
पावती दिली.
ती बाकावर बसली, मांडीवर त्याचा कोट घडी करून.

सांगायला हवं होतं मी:
बाई, जामीन भरला की दार नाही उघडत,
घड्याळ सुरू होतं.
तुम्ही पैसे भरलेत, आता त्यांचे अठ्ठेचाळीस तास लागले.
मी म्हणाले, "वेळ लागेल."
खोटं नव्हतं ते.
सकाळी माझी पाळी संपली तेव्हा
कोट अजून घडीतच होता.

माझा भाऊ डेल इथं तीनदा आलाय, पिऊन गाडी चालवली म्हणून.
तिन्ही वेळा नाश्त्याला घरी.

शुक्रवारी पहाटे पांढरी व्हॅन
मागच्या फाटकाला लागली.
दोघे होते. सभ्य. हातात कॉफी.
एकानं माझ्या मुलीच्या फोटोकडे बघून
कितवीत आहे विचारलं.
ताबा दिला, ताबा घेतला, सह्या झाल्या.
शोल थांबला माझ्या खिडकीपाशी.
"बायकोनं पैसे भरले ना?"
"भरले."
"मग?"

धातूच्या वस्तू ते नेत नाहीत.
पत्रा आणि किल्ली पिशवीत राहिली.
नियम असा: तीस दिवस वाट पाहायची,
वारस न आल्यास नष्ट.
ओफेलिया कशी येईल?
काचेसमोर आधी नाव सांगावं लागतं.
मी फोन लावला. उचलला कुणीतरी.
एक श्वास, मागे टीव्ही,
मग काही नाही.

काल तीस झाले.
पत्रा मी डब्यात टाकला, नोंद केली.
किल्लीचीही नोंद केली, नष्ट,
आणि ती माझ्या कोटाच्या खिशात आहे.

पत्ता फॉर्मवर होता, सातव्या ओळीत.
आत्ता पहाटेचे पावणेसात.
मी त्यांच्या दारासमोर गाडीत बसलेय,
अंगात वर्दी, बिल्ल्यावर नाव: वांडा कुलहानेक.
आत दिवा होता. मी थांबले तसा विझला.
दार वाजवलं तर तिला वाटेल तेच आले.
न वाजवता निघून गेले तरी
तिला वाटेल येऊन गेले.

इंजिन चालूच ठेवलंय.
माझ्या गाडीचाही मागचा उजवा दिवा बंद आहे,
जानेवारीपासून.