दोन बोटं माया

राजारामपुरीत, गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
मशीन दोन, आरसा एक,
आणि गळ्यात टेप, चोवीस वर्षं.
छत्तीस-सदतीसचे आकडे पुसलेत तिच्यावरचे,
तेवढे मी बोटानं ओळखते.

माप घेताना बायका पोट आत ओढतात.
मी काही बोलत नाही. थांबते.
श्वास कधीतरी सोडावाच लागतो माणसाला,
मग वहीत लिहिते.

श्वासाबरोबर बाकीचंही सुटतं.
साखर बंद केली गं, आता गुळाचाच चहा,
दिवसाला चार कप, गुळानं काय होतंय?
कोल्हापुरात बसून गुळाला नाव कोण ठेवणार?
मी टाचण्या तोंडात धरते.
भात तर बघतसुद्धा नाही, म्हणते दुसरी,
आणि तिच्या पिशवीतनं डोकावतं अर्धा किलो भडंग.
ते कुठल्या झाडाला लागतं,
विचारायचं राहून जातं दर वेळी.
तिसरीचे आठवड्याला दोन उपास,
तरी काटा हलेना म्हणून देवावर रुसलेली;
खिचडीचं तूप अजून नखात,
माझ्या जरीच्या कापडाला लागलं.

वैजयंता नलवडे आली पौषात.
माघात पोराचं लग्न.
"दोन इंच कमीच शिव. तोवर होते मी."
म्हटलं, बरं.

सकाळी लिंबू-पाणी, दुपारी काकडी, रात्री कुलूप.
घरात पाहुण्यांना तांबडा-पांढरा वाढायची
आणि हात धुऊन आत जाऊन बसायची, दार लावून.
एका संध्याकाळी रंकाळ्यावर डोळ्यांपुढं अंधार आला.
भेळवाल्यानं कठड्यावर बसवलं,
पाणी दिलं, आणि तळहातावर
मोजून आठ-दहा शेंगदाणे.
ती सांगत होती, तो काही विचारत नव्हता,
नुसता उभा होता, ती चावेपर्यंत.

लग्नात ब्लाउज बसला.
फोटोत ती बारीक दिसते
आणि सगळ्यांवर चिडलेली.

चैत्र सरायच्या आत परत आली.
पिशवीच्या तळातून ब्लाउज काढला,
दुसऱ्याचा चोरून आणल्यासारखा.
"उसवता येईल का गं?"
मी उलटा करून तिच्यापुढं धरला.
दोन्ही काखांखाली, आतल्या अंगाला,
दोन-दोन बोटं माया.
तिला वाटलं होतं, मी तिचं ऐकलं.
ती कापडाकडं बघत राहिली,
मग आरशाकडं पाठ करून
पदरानं नाक पुसलं.

रेहाना मुल्लाणीचं माप मात्र वहीत
गुपचूप सरकत गेलेलं.
दोन वर्षांत अर्धा इंच, मग पाऊण,
तिनं सांगितलं नाही, मला कळलं टाचण्यांवरनं.
"काय करतीस गं?"
तिला आठवावं लागलं.
"काय न्हाई. शाळेला चालत जाते,
रिक्षा परवडंना झाली तवापासनं.
रात्री लवकर जेवते. दोन भाकरींची दीड झाली.
रविवारी मटण खाते की!"
आणि लाजली, जणू
परीक्षेत नापास झाल्यागत.
असलं सांगायला कुणी बोलावत नाही तिला.
तिच्या अंगात आकडा ठरवून आला नव्हता,
रस्त्यानं येता-येता आला होता.

परवा वैजयंता पुन्हा आली, मुलीच्या डोहाळजेवणासाठी.
टेप लावली. तिनं सवयीनं पोट आत घेतलं.
मी थांबले.
बाहेर भाजीवाल्याचा गाडा पुढं गेला,
तेवढ्यातच तिनं श्वास सोडला.
"लिही," म्हणाली, "आहे ते."
मग जरा वेळानं,
"आणि माया राहू दे, दोन बोटं."

चहा सांगितला. साखरेचाच, अर्धा-अर्धा.
ती गेल्यावर कापड अंथरलं,
खडूनं रेघ ओढली.
तीन ठेवली.