सोमवार पिवळा

धाकटी जाऊ रायोंगहून आली
दोन सुटकेस आणि एक दगडी खलबत्ता घेऊन.
उंबऱ्यात हात जोडून म्हणाली, सवातदी खा.
आत्ती म्हणाल्या, बघ गे, आल्या आल्या
आम्हालाच खा म्हणतीया.
चार दिवसांनी कळलं,
त्यांच्यात बायका प्रत्येक वाक्याला
शेवटी 'खा' लावतात, अदबीनं.

नाव विमोनरत. घरचं नाव नोय, म्हणजे बारकी.
मामंजी पासपोर्ट घेऊन दुपारभर अक्षरं लावत बसले
आणि चहाला उठताना म्हणाले, अगं, ही तर विमलरत्न.
वडगावच्या गल्लीनं तिची विमल केली,
समोरच्या शिवलीलाक्कांनी विमलव्वा.
ती तिन्हीला ओ देते.

भाजी बसव्वाकडनं, भांडण माझ्याकडनं,
असं बोलणं शिकली ती.
"नाळे चार पेंड्या मेथी आण की गे, खा."
यात भाषा किती आहेत
हे तिला वर्षभर कुणी सांगितलं नाही.
सांगायला गेलो असतो
तर आमचंच कुठं काय ठरलंय.

माशाच्या पाण्याची बाटली तिनं एकदाच उघडली.
शिवलीलाक्का गच्चीवरनं ओरडल्या, काय मेलंय रे?
बाटली गेली माळ्यावर.
मग एका दुपारी खलबत्त्याचा आवाज.
कच्ची पपई, चिंच, गूळ, शेंगदाणे,
आणि संकेश्वरी मिरची, हात सोडून.
मासा नसलेली एक वाटी भिंतीवरनं पलीकडं गेली.
संध्याकाळी वाटी परत आली, तिच्यात होळगी.
तेव्हापासनं ती भिंत
ताटं ठेवायच्याच कामाची.

कुंदा मात्र तिला झेपला नाही.
एवढं गोड कशाला खाता?
मी म्हटलं, भांडायला ताकद लागते.

किल्ल्यात कमळ बस्ती बघायला नेली
तर नेमिनाथांपुढं बसली, पाय मागं दुमडून,
माझे पाय देवाकडं पसरलेले बघून चिमटा काढला.
मी कानात सांगितलं, हा तुमचा बुद्ध नव्हे.
ती म्हणाली, असू दे. बसलाय तर तसाच.

नोव्हेंबरची एक तारीख.
अर्ध्या गावाचा सण, अर्ध्याचं सुतक.
मामंजींच्या दंडाला काळी फीत,
सायकलीत हवा भरून तयार,
त्यांची ही फेरी गेली कितीक वर्षं चुकलेली नाही.
आणि जिन्यावरनं ही उतरली
पिवळ्याधमक झग्यात.
पंपाचा आवाज थांबला.
भाऊजी आतल्या आत वाळले.
सोमवार, ती म्हणाली. आमच्यात सोमवार पिवळा, खा.
मामंजी बराच वेळ हँडल धरून उभे.
मग विचारलं, आणि मंगळवार?
गुलाबी.
हूं, म्हणाले, आणि सायकलीवर बसले.

कार्तिकातली पुनव.
तिनं केळीच्या खोडाची चकती कापली,
पानं मुडपून कळ्या केल्या, झेंडू खोचला,
उदबत्ती, मेणबत्ती, एक रुपया,
आणि आपल्या नखाचा तुकडा.
नख कशाला गे?
वर्षभराचा राग जातो त्याच्याबरोबर.
आत्तींनी लगेच दहाही बोटं पुढं केली.

कंग्राळीकडं मार्कंडेयच्या काठाला गेलो सगळे.
पाणी म्हणजे कमरेएवढं, वर जलपर्णी.
दिवा चार हात गेला आणि अडकला.
नोय काही बोलली नाही.
आईला फोन लावलेला होता, तिकडनं
आतषबाजीचा आवाज येत होता, हसण्याचा,
ती मोबाईल हळूच पालथा करून उभी.

मामंजींनी धोतर खोचलं.
अहो, गारठा, आत्ती म्हणाल्या.
ते गेले आत, छत्रीच्या टोकानं
एकेक पान बाजूला करत,
दिव्याला वाट करत, पुटपुटत, चल बाबा चल.
पलीकडल्या मोकळ्या पाण्यात तो सुटला
तेव्हा मांडीपर्यंत चिखल होता त्यांच्या.

परत येताना रिक्षात कुणी बोलेना.
रेल्वे गेट पडलेलं.
मालगाडी संपता संपेना.
मामंजींनी विचारलं, आज वार कुठला?
शुक्रवार.
म्हणजे?
फिकट निळा.
त्यांनी आपल्या सदऱ्याकडं बघितलं,
पांढराच, पण नीळ जरा जास्त झालेला.
चालेल? ते म्हणाले.

चालेल, खा.