पान नऊ

बद्रियाबाई निवडून आल्या तेव्हापासून
त्यांचं प्रत्येक भाषण माझ्याच मशीनमधून निघतं.
चाळीस प्रती. पिन उजव्या कोपऱ्यात,
कारण मुहर्रकमध्ये पान उलट्या बाजूनं उलटतात.

मला अरबी वाचता येतं. म्हणजे, उच्चारता येतं.
दापोलीच्या मदरशात तेवढंच शिकवलं,
अर्थ वरच्याकडे सोपवून.
आणि ह्यांच्या कायद्यांना जेर-जबरही नसतात,
मी दर ओळीला अडखळतो.

मग त्या काउंटरला टेकून सांगतात, मोडक्या हिंदीत:
हे दुपारच्या सुट्टीचं, ऊन मे महिन्यातच मारतं म्हणून.
हे दवाखान्याच्या फीचं.
हे, नवरा परका असलेल्या बायकांच्या मुलांचं.
"बापाला देश असतो, आईला नसतो का, मुकादम?"
मी कागद सारखे करत राहतो.

पान नऊ: कामगाराचा पासपोर्ट अडकवणाऱ्याला
दंड नव्हे, तुरुंग.
ते पान मी दोनदा छापलं. शाई फिकी आली म्हटलं.
कफीलच्या लोखंडी कपाटाची किल्ली
त्याच्या गाडीच्या किल्लीसोबतच वाजते,
सात वर्षं ओळखतो मी तो आवाज.

मंगळवारी मतदान. अकरा हात वर,
"बाकीचे मांडीवर," त्या म्हणाल्या.
चहा घेतला, बिनसाखरेचा.
पर्समधून पान नऊ काढलं, एका शब्दाखाली पेन्सिलची रेघ.
"हा बदलून पुन्हा मांडते. लाव मशीन."

मशीन तापायला वेळ घेतं.
तोवर तो शब्द मी मोठ्यानं वाचला.
त्यांनी एक स्वर सुधारला.